आवाज बंद करून बघ

९ मार्च, सोमवार

कबूल करून टाकते. मॅव्हिसबाईंनी ही वही देऊन आज वीस दिवस झाले, आणि वीसही दिवस ती माझ्या खाटेच्या आखूड पायाखाली होती. "रोज लिही, डोकं ठिकाणावर राहतं," असं त्या म्हणाल्या होत्या. आज वही काढली तर खाट डुगडुगायला लागली. डोकं आणि झोप, दोन्ही एकदम ठिकाणावर राहणार नाहीत असं दिसतंय.

तर सुरुवातीपासून. मी डुलूथला चालले होते. तिथे मोठ्या सरोवरातल्या मालबोटींवर स्वयंपाकाला माणसं घेतात असं कुणीतरी सांगितलं होतं. कोणी ते आठवत नाही, त्याचा शर्ट आठवतो. बस इथे, पाइक फॉल्सला, दहा मिनिटं थांबली. मी पाय मोकळे करायला उतरले तर समोर गोठलेला तलाव, आणि तलावाच्या मधोमध एक लाल मोटार! तिथे कुणी लावली, का लावली, हे विचारत मी थेट काठापर्यंत गेले. कळलं ते असं: दर हिवाळ्यात इथले लोक इंजिन काढलेली भंगार गाडी ओढत नेऊन बर्फावर ठेवतात, आणि ती कुठल्या दिवशी किती वाजता बुडणार यावर चिठ्ठ्या टाकतात. गाडीला दोरी, दोरीला काठावरचं घड्याळ. गाडी गेली की घड्याळ बंद. हे सगळं नीट समजून घेऊन परत येईपर्यंत बस गेलेली. माझी पिशवी डुलूथला पोचली, मी नाही.

मग बसथांब्याजवळच्या खाणावळीत ताटल्या धुवायला राहिले. तिथला टीव्ही बघून बघून मला गॉर्डी पेल्टियर पाठ झाला. गॉर्डी इथला बोटी विकणारा. गावच्या केबलवर दर बुधवारी मासेमारीचा कार्यक्रम करतो. एक भुवई वर, तळहात असा पसरलेला, आणि "मित्रांनो, मासा खोटं बोलत नाही, मासेवाला बोलतो!" हे मी एका संध्याकाळी ताटल्या हातात घेऊन करून दाखवलं तर अख्खी खाणावळ हसली. एक बाई तेवढ्या हसल्या नाहीत. सुपाचा चमचा हातात तसाच धरून त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुला काम हवंय?"

त्या मॅव्हिसबाई. हायस्कुलात वक्तृत्व शिकवतात. ७ एप्रिलला इथे नगराध्यक्षाची निवडणूक आहे. एका बाजूला गॉर्डी, दुसऱ्या बाजूला मॅव्हिसबाईंची नणंद आर्डिस. २७ मार्चला दोघांचा जाहीर वादविवाद, शाळेच्या व्यायामशाळेत, केबलवर आणि रेडिओवर एकाच वेळी. गावाच्या इतिहासात पहिल्यांदा! त्याआधी आर्डिसची तालीम व्हायला हवी, आणि तालमीत कुणीतरी गॉर्डी व्हायला हवं.

तर मी गॉर्डी आहे. बावीस वर्षांची, पाच फूट एक इंच, आणि गॉर्डी. मोबदला म्हणून आर्डिसच्या माडीवरची खोली आणि तिच्या हातचं जेवण. पहिल्याच दिवशी मी तिला बाई म्हटलं तर ती म्हणाली, "आर्डिस म्हण. शिव्या द्यायच्यात ना मला? मग अहोजाहो कशाला?"

१२ मार्च, गुरुवार

आज पहिली खरी तालीम झाली आणि माझं डोकं अजून गरगरतंय.

भांडण कशाचं ते आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल. तलाव धरणामुळे झालेला. धरण कागद गिरणीचं होतं. गिरणी बंद पडली आणि धरण गावाच्या गळ्यात आलं. आर्डिस तिथे सव्वीस वर्षं दरवाजे उघडायला-मिटायला होती. तिचं म्हणणं, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी पाझर आहे, तो गढूळ व्हायला लागलाय, म्हणजे पाण्याबरोबर आतली माती चाललीय. निवडून आलं की पहिलं काम, दरवाजे उघडून तलाव सहा फूट खाली घ्यायचा. गॉर्डी म्हणतो, मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी मासेमारी सुरू होते, पाहुणे येतात, तेव्हा काय त्यांना चिखल दाखवायचा? त्याची घोषणा: "तलाव भरलेला, गाव तरलेलं!" आर्डिसची घोषणा: "पाझर-निरीक्षण आणि पातळी-नियमन." मॅव्हिसबाईंनी ती वाचली तेव्हा त्या पाच मिनिटं नुसत्या भिंतीकडे बघत होत्या.

मॅव्हिसबाईंची पद्धत भन्नाट आहे. शाळेचा कॅमेरा आणून सगळं टिपतात आणि मग म्हणतात, "आधी आवाज बंद करून बघ." का, तर वादविवाद शुक्रवारी सहाला, आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला शुक्रवार म्हणजे मांस बंद, सगळं गाव बारमध्ये तळलेला मासा खायला. तिथल्या कल्लोळात टीव्ही दिसणार, ऐकू कोणाला येणार?

आवाज बंद केला. मी गॉर्डी म्हणून काय दिसत होते! लग्नात आग्रह करणाऱ्या वाढप्यासारखी. आणि आर्डिस? मयताला उशिरा पोचलेल्या बाईसारखी. आकडे आठवताना ती छताकडे बघते. हात स्वेटरच्या खिशात, जणू तिथे उंदीर धरून ठेवलाय.

"हसून बघ जरा," मॅव्हिसबाई म्हणाल्या.

"कशाला? धरण फुटणार म्हणून?"

"लोकांना धीर वाटावा म्हणून."

"मला धीर द्यायचाच नाहीये, मॅव्हिस."

मग मॅव्हिसबाईंनी टीव्हीवर ताटं पुसायचं फडकं टाकलं आणि म्हणाल्या, आता नुसतं ऐक. आणि काय सांगू! माझा गॉर्डी पार हवा. "मित्रांनो" अकरा वेळा. बाकी हाताला काही लागेना. आर्डिसचा आवाज मात्र हळू, खालचा, एकेक शब्द ठेवत जाणारा, अंधारात कुणी आपल्याला जिन्याच्या पायऱ्या मोजून सांगतंय तसा. तीच बाई, तीच वाक्यं! फडक्याखाली जिंकते, फडकं काढलं की हरते.

आर्डिसचा भाऊ रोलंड, म्हणजे मॅव्हिसबाईंचा नवरा, कोपऱ्यात बसला होता. त्याच्या बेचाळीस गाई आहेत. म्हणाला, "आम्ही गोठ्यातच ऐकणार. सहा म्हणजे दुधाची वेळ. रेडिओ नसेल तर गाई पान्हा चोरतात."

"गाईंचं मत कोणाला?" मी विचारलं.

"गाईंना मत नाही," तो म्हणाला. "मलाही नाही."

का नाही ते विचारणार होते, पण त्याने गाईच्या खुरांच्या रोगाचं काढलं आणि ते इतकं भयंकर आणि मजेदार होतं की राहूनच गेलं.

१४ मार्च, शनिवार

आर्डिसबरोबर धरणावर गेले, गमबूट चढवून, कारण पायथ्याशी त्याशिवाय उभंच राहता येत नाही. खाली उतरायची वाट तिला डोळे मिटून येते. बांधाच्या पायथ्याशी बर्फातून मनगटाएवढी पाण्याची धार वाहते. तिने लोणच्याची रिकामी बरणी त्याखाली धरली, झाकण लावलं, वर तारीख लिहिली. म्हणजे स्वयंपाकघराच्या खिडकीत ज्या बरण्या आहेत त्या या! मी इतके दिवस समजत होते की हा कसला तरी सार आहे. रांगेत बघितलं तर नोव्हेंबरची जेमतेम धुरकट, जानेवारीची जरा मळकट, आजची पातळ चहासारखी.

मी उडालेच. "हे सभेत न्यायचं! एकेक बरणी टेबलावर ठेवत जायची! आवाज बंद असला तरी दिसेल!"

आर्डिसला पटत होतं असं वाटलं. पण मॅव्हिसबाईंनी ठाम नाही म्हटलं. शाळेच्या स्पर्धांचा नियम: वादविवादात वस्तू आणायची नाही. "वीस वर्षं पोरांचे गुण त्यावरून कापलेत मी. आता स्वतःच्या घरातलं माणूस म्हणून नियम मोडू?"

धरणावरून खाली बघितलं तर नदी वळणं घेत जाते आणि दोन्ही अंगांना गोठेच गोठे, लाल लाल, खेळण्यातले असावेत तसे. त्यातला सगळ्यात जवळचा रोलंडचा. "पाणी आलं तर तिथे पोचायला किती वेळ?" मी सहज विचारलं.

"अकरा मिनिटं," आर्डिस म्हणाली. लगेच. छताकडे न बघता.

येताना तिने गॉर्डीच्या बोटींच्या दुकानातल्या पेटीत लाल गाडीची चिठ्ठी टाकली. बुडणार कधी, तर म्हणे ७ एप्रिल, तीन वाजून दहा मिनिटं. मी २० एप्रिल लिहिलं, कारण मला वीस आकडा आवडतो.

१८ मार्च, बुधवार

आज मी कमाल केली! गॉर्डी म्हणून बोलता बोलता एक वाक्य आपोआप सुचलं. मी भुवई चढवली, तळहात पसरला आणि म्हटलं, "आर्डिस, तू सव्वीस वर्षं त्या धरणापाशी बसलीस, तेव्हा ते ठणठणीत होतं. तू निवृत्त झालीस आणि त्याला पाझर फुटला? अगं, ते गळत नाहीये, तुझ्या आठवणीनं रडतंय!"

मॅव्हिसबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. "हे जर गॉर्डीला सुचलं ना, तर आपण मेलो," त्या म्हणाल्या. माझी मान ताठ झाली. मग आर्डिसला म्हणाल्या, "हं, उत्तर दे."

आर्डिस म्हणाली कुत्र्याला बाहेर न्यायचंय, आणि गेली. कुत्रं तर नुकतंच आत आलं होतं. अर्ध्या तासाने परत आली, नाक लाल. दुसऱ्यांदा वाक्य टाकलं तर बटाटे सोलायला उठली. तिसऱ्यांदा म्हणाली, "ते सोडून दुसरं काहीतरी विचार, पोरी."

विनोदाची तिला जरा कमीच गोडी आहे. असतात काही माणसं तशी.

२० मार्च, शुक्रवार

कोणाला भेटले ते सांगू? साक्षात गॉर्डीला!

मासा खायला बारमध्ये गेले होते. (कॉड, बटाट्याच्या धिरड्यांबरोबर. इथे राहण्यासारखं आणखी काही नसतं तरी त्या धिरड्यांसाठी राहिले असते.) मागे गोल चेंडूंनी बाटल्या पाडायच्या खेळाच्या चार पट्ट्या आहेत. तिथे तो एकटाच खेळत होता. म्हणाला, "तूच ना ती, खाणावळीत माझी नक्कल करणारी? कर की!"

आता समोर खुद्द माणूस म्हटल्यावर कोण सोडतंय! मी मासेवाला केला, बोटीचा भाव करणारा केला, आणि मग रंगात आले ते आलेच. तळलेल्या चीजची टोपली त्याने माझ्यापुढे सरकवली. माणूस हसून हसून डोळे पुसत होता. "अरे देवा, ते धरणाचं परत म्हण! रडतंय ते!" मी परत म्हटलं. त्याने भुवई चढवून स्वतः म्हणून बघितलं. मी म्हटलं, तळहात आधी, भुवई नंतर. त्याने तसं केलं. फारच छान जमलं त्याला. अर्थातच, तोच आहे तो.

माणूस वाईट नाही. मला तर वाटलं होतं जवळून बघितल्यावर रंग उडेल. जाताना एकदम गंभीर होऊन म्हणाला, "आर्डिस शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची. गणितात मी तिचंच बघून लिहायचो." मग लगेच हसला. त्याचा चेहरा रिकामा राहू शकत नाही, दुकानाच्या दिव्यासारखा.

आर्डिसला सांगायला गेले तर ती झोपली होती. मग विसरले.

२३ मार्च, सोमवार

काही नाही. पाऊस आणि बर्फ एकदम. लाल गाडी एका बाजूला कलली! सगळं गाव काठावर. मी दुपारभर तिथेच, तालमीला तासभर उशीर, बोलणी खाल्ली.

२७ मार्च, शुक्रवार

घाईत लिहितेय, अक्षर बघा.

मॅव्हिसबाईंनी मला व्यायामशाळेत येऊच दिलं नाही. "तू बारमध्ये जा. तिथून बघ. आवाज नाही, तेच मला हवंय. कोण केव्हा मान वर करतं, कोण केव्हा खायला लागतं, सगळं टीप." म्हणून मी गावातल्या दीडशे माणसांबरोबर आणि तेवढ्याच माशांबरोबर टीव्हीखाली बसले.

सहा वाजता दोघं दिसले. गॉर्डी निळ्या कोटात. आर्डिसने मॅव्हिसबाईंचा हिरवा ब्लाउज घातला होता, हात खिशाबाहेर! मी टाळी वाजवली. पहिली वीस मिनिटं ती बरी दिसत होती, दोनदा तर हसली. एकदा चुकीच्या जागी, पण हसली. माझ्या बाजूचा म्हातारा म्हणाला, "आर्डिसला काय झालंय? दात दुखतोय का?"

आणि मग गॉर्डी तिच्याकडे वळला. तळहात पसरला. भुवई चढली. तळहात आधी, भुवई नंतर. ओठ हलले. व्यायामशाळेतली माणसं मागे रेलून हसली.

आर्डिस हलली नाही. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. सेकंदाचा काटा चालला होता, चालला होता. तिने मान खाली घातली. हात सावकाश खिशाकडे गेले आणि हिरव्या ब्लाउजला खिसेच नव्हते. मग तिचे ओठ अगदी थोडे हलले, खूप वेळ हलले, पण मान वर आली नाही. गॉर्डी मोठ्या मनाने तिच्याकडे बघत उभा. बारमध्ये कुणीतरी म्हणालं, "गेली बिचारी." दुसरं कुणी म्हणालं, "चांगली बाई आहे हो, पण हे तिचं काम नाही." आणि सगळे परत माशाकडे वळले. मी लिहिलं: ६.३१, सगळे खायला लागले.

मला तिथे बसवेना. रोलंडची जुनी गाडी जायला-यायला माझ्याकडे असते, ती घेऊन तडक त्याच्या गोठ्यात गेले, रडत, एक पाटी चुकवत. गोठ्यात रेडिओ चालू. रोलंड दोन गाईंच्या मध्ये उभा होता, दूध काढायचं यंत्र हातात लोंबत होतं, गाईला लावायचं विसरलेलं.

"हरली ना?" मी म्हटलं.

"गप्प बस," तो म्हणाला. रोलंड कधी कुणाला गप्प बस म्हणत नाही.

मग त्यानेच सांगितलं. गॉर्डीने विचारलं, तू होतीस तेव्हा धरण ठणठणीत होतं ना, ते गळत नाहीये, तुझ्या आठवणीनं रडतंय. मग रेडिओवर नुसती शांतता. "मला वाटलं वायर निघाली. गाईंनी सुद्धा रवंथ थांबवला." आणि मग आर्डिसचा आवाज आला: "रडत होतं, गॉर्डी. मी तिथे असतानाच. सात वर्षांपूर्वी मी बरणीत पाणी घेतलं तर ते गढूळ होतं. गिरणीत वर कळवलं. वरून सांगितलं, नोंदवहीत 'स्वच्छ' लिही. मला नोकरी हवी होती. मी लिहिलं. रोज लिहिलं. गावाकडे जे कागद आहेत, धरण ठीक असल्याचे, ते माझ्या अक्षरातले आहेत. ते खोटे आहेत. म्हणून मी उभी आहे, दुसरं काही कारण नाही."

रोलंडने डोळे पुसले, त्याच हाताने, गाईच्या औषधाच्या. "माझी सख्खी बहीण," तो म्हणाला, "आणि मला आज कळतंय."

आणि मी? मला वाईट वाटायला हवं होतं, पण खरं लिहायचं तर मी उडीच मारली. गॉर्डीने माझंच वाक्य म्हटलं! शब्द न् शब्द! मी त्याच्या किती आत शिरले असेन की त्याला जे सुचणार ते मला नऊ दिवस आधी सुचलं!

२८ मार्च, शनिवार

सकाळपासून फोन! सातला पहिला आला आणि दुपारपर्यंत एकतीस! एक म्हातारी तर नुसती म्हणाली, "तिला सांगा, आम्ही ऐकलं," आणि ठेवून दिला. मॅव्हिसबाई एकेक रेघ मारत होत्या आणि त्यांचे कान लाल झाले होते. बारमधली माझी टिपणं त्यांनी बाजूला सारली. "रेडिओनं खाल्लं टीव्हीला! पोरांना शिकवणार मी हे!" आम्ही दोघी स्वयंपाकघरात नाचलो. एक बरणी पडता पडता राहिली.

आर्डिस नाचली नाही. तिने फक्त विचारलं, "फोन कुठून आले?"

"गोठ्यांतून!" मी म्हटलं. "जवळजवळ सगळे! एकाच्या मागे तर गाय हंबरत होती!"

"हं," ती म्हणाली, आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेली. कौतुकसुद्धा सोसत नाही तिला.

१ एप्रिल, बुधवार

दोन गोष्टी.

पहिली. काल मॅव्हिसबाईंनी फोन करणाऱ्यांची यादी मतदारयादीशी लावून बघितली. एकतिसांपैकी चार. बाकीचे गोठे गावाच्या हद्दीबाहेर आहेत, त्यांना नगराध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नाही. रोलंडलाही नाही. ज्यांच्या अंगावर पाणी येणार त्यांना मत नाही, आणि ज्यांना आहे ते मासा खात होते. मॅव्हिसबाई म्हणाल्या, "मी इथली जन्मलेली. माझा नवराच हद्दीबाहेर राहतो, मीही राहते. आणि मी विसरले. त्या बरण्या नेऊ द्यायला हव्या होत्या मी." त्या टेबलाशी बसून राहिल्या. त्यांची पाठ पहिल्यांदा वाकलेली बघितली.

दुसरी. "पण त्याला तुझं वाक्य सुचलंच कसं?" असं त्यांनी उठता उठता विचारलं. मी हसून सांगायला लागले, अहो, मी गॉर्डीच तर आहे... आणि मध्येच थांबले. तळलेलं चीज आठवलं. ते परत म्हण, रडतंय ते. तळहात आधी.

पुढचं लिहीत नाही.

२ एप्रिल, गुरुवार

सांगितलं आर्डिसला. पिशवी भरूनच खाली गेले होते. ती नवीन बरणीवर तारीख लिहीत होती.

"मला त्याच क्षणी कळलं," ती म्हणाली. "गॉर्डीला मी पाचवीपासून ओळखते. इतकं चांगलं वाक्य त्याला सुचत नाही."

"मग चिडली का नाहीस?"

"चिडले की. नऊ सेकंद." मग झाकण घट्ट करत म्हणाली, "सात वर्षांत मला ते कुणी विचारलं नव्हतं, पोरी. तू तीनदा विचारलंस, मी तीनदा पळाले. चौथ्यांदा दार बंद होतं. ती पिशवी वर ठेव. आणि खाटेखाली काहीतरी घाल, रात्रभर डुगडुगते."

७ एप्रिल, मंगळवार

मतदान. आणि ऊन! कोट न घालता बाहेर! मी दारोदार फिरून लोकांना मतदानाला चला म्हणत होते, पण लोक सगळे तलावाकडे धावत होते. मीही धावले. कोण नाही धावणार? बर्फ काळा पडला होता, कर्रर्र आवाज येत होता, आणि लाल गाडीने नाक खाली घातलं, शेपूट वर केली, आणि गट्टकन गेली! सगळं गाव ओरडलं. दोरी ताणली, घड्याळ बंद. मी मोठ्यांदा टाळ्या वाजवल्या आणि मग मला आठवलं की मी उमेदवाराची माणूस आहे, तेव्हा परत धावत सुटले.

रात्री आठाला निकाल. गॉर्डी १२१२, आर्डिस ११४९. त्रेसष्ट मतं.

मॅव्हिसबाईंनी वजाबाकी पुन्हा एकदा करून बघितली. रोलंडने आर्डिसच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "दुधाची वेळ टळली माझी." ती म्हणाली, "गाई वरच्या कुरणात हलव. उद्यापासून. मी येते हाताखाली."

८ एप्रिल, बुधवार

सकाळचे साडेसात. मी पिशवी परत भरायला घेतली नाही, पण डुलूथच्या बसची वेळ विचारून ठेवली आहे. आर्डिस खाली अंडी तळते आहे. गमबूट घातलेत, रोलंडकडे जायचंय. खिडकीतल्या बरण्या आता बारा झाल्या. शेवटची तर चहासुद्धा नाही, कॉफी म्हणा. तिने ती काल निकालानंतर जाऊन भरून आणली. हरलेल्या माणसाने कशाला आणावी?

वही घेऊन टेबलाशी बसलेय. वाटतं, मी सगळंच उलटं बघितलं. आवाज बंद करून...

थांब. बाहेर कुणीतरी आहे.

मागच्या अंगणात, खिडकीच्या पलीकडे. दुहेरी काच आहे, त्यामुळे ऐकू काही येत नाही. गॉर्डी! निळा कोट नाही. टोपी काढून हातात धरलीय. हसत नाहीये. इतका वेळ मी त्याला बघतेय आणि भुवई आहे तिथेच आहे, दुसऱ्या हातात एक कागदाची चिठ्ठी आहे, आणि तो हात सुद्धा पसरलेला नाही. चिठ्ठीवरचं अक्षर इथून ओळखता येतं, कारण हेच अक्षर माझ्या समोरच्या बाराही झाकणांवर आहे. ७ एप्रिल, तीन वाजून दहा मिनिटं. गाडीच्या चिठ्ठ्यांची पेटी आज सकाळी त्याच्या दुकानात उघडून जिंकलेली चिठ्ठी काढायची होती. काठावरचं घड्याळ किती वाजता बंद पडलं ते काल मी बघितलंच नाही, टाळ्या वाजवत होते.

तो दार वाजवत नाहीये. खाली वाकलाय आणि बाहेरून काचेतून बरण्या बघतोय. नोव्हेंबर. डिसेंबर. जानेवारी. हळूहळू सरकतोय, एकेक. आता त्याचा चेहरा मार्चच्या मागे आहे, मळकट दिसतोय. आता शेवटच्या बरणीमागे गेला आणि दिसेनासाच झाला.

आर्डिसने आच बंद केली. तिनेही बघितलं. "गमबूट घातलेत त्यानं," ती म्हणाली, आणि दार उघडायला निघाली.